शाळा एप्रिलला उघडायची की जूनला? खर्चाच्या नोंदी

२३ मार्च २०२५, रविवार

आजच्या कार्यकारिणीत विषय आयत्या वेळी आला. तालुक्यातल्या सीबीएसई शाळांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आपले पालक मे महिनाभर तिकडच्या मुलांची नवी पुस्तकं बघतात आणि जूनपर्यंत दोन-चार दाखले काढून नेतात. राज्यातही सीबीएसईच्या धर्तीवरच्या अभ्यासक्रमाची चर्चा जोरात आहे. मग आपणही मनाची तयारी करावी आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळाली तर एप्रिलपासून वर्ग भरवावेत, असं दोन सदस्यांनी मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही बँकेत होता. तारीख बदलली तर खर्च किती बदलतो ते काढा. जुलैपर्यंत द्या."

म्हणून ही वही. संस्था लहान आहे, वर्धा जिल्ह्यातली, विनाअनुदानित. पहिली ते आठवी, १४ वर्ग, ३८४ मुलं, दोन बस. शिक्षकांना बारा महिने पगार देतो. बसचं कंत्राट दहा महिन्यांचं, आणि बसमधल्या ताई व दोन सफाईच्या मावशी यांनाही दहाच महिन्यांचे पैसे. हे शेवटचं वाक्य इतकी वर्षं मी खतावणीत वाचत आलेय. आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं.

सुरुवातीचा अंदाज लिहून ठेवते, नंतर ताडून बघता येईल: खरा फरक विजेच्या बिलात पडेल.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून शाळेत गेले. आज पाटीपूजन आणि नवे प्रवेश. सरकारी शाळांचंही 'गुढीपाडवा, पट वाढवा' असतंच. प्रवेश पाडव्याला आणि शाळा जूनच्या अखेरीस, म्हणजे नाव घातलेलं मूल अडीच-तीन महिने आमच्या दारात येत नाही. प्रवेश शुल्क आज येतं, पहिला हप्ता जूनमध्ये.

परवा २८ तारखेला उन्हामुळे शाळांच्या वेळा बदलल्याचा आदेश निघाला: प्राथमिक सकाळी ७ ते ११.१५, माध्यमिक ७ ते ११.४५. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षाही यंदा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल. दरवर्षी आमच्या परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत आटोपायच्या. त्यामुळे न मागता आम्हाला एप्रिलभर शाळा चालवून बघायची संधी मिळाली आहे. अंदाजावर विसंबायचं नाही, मोजायचं.

४ एप्रिल, शुक्रवार

विजेचा हिशेब केला. एका वर्गात चार पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. १४ वर्गांचे ५६ पंखे, एकूण ४.२ किलोवॅट. सकाळच्या शाळेचे सव्वाचार तास धरले तर दिवसाला १८ युनिट होतात. उद्या प्रत्येक वर्गात २०० वॅटचा एकेक कूलर लावला तर आणखी १२. म्हणजे दिवसाला ३० युनिट, आणि शाळेचे वीस दिवस धरले तर महिन्याला ६००. छतावर ५ किलोवॅटचे सोलर पॅनल आहेत, ते या दिवसांत रोज २० युनिटच्या आसपास देतात. उरलेली दहा युनिटं महावितरणकडून.

स्थिर आकार शाळा बंद असली तरी येतोच, मे महिन्याच्या बिलातही असतो. उलट सुट्टीत पॅनलची वीज वापरायला कोणी नसतं, ती युनिटं नेट मीटरवर जमा होतात आणि पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत कामी येतात. एप्रिलला शाळा सुरू केली तर त्यातली थोडी आधीच खर्च होतील, एवढंच.

तेव्हा माझा पहिला अंदाज चुकला. आमच्यासारख्या पंख्यांच्या शाळेत वीज हा मोठा आकडा नाही. एसी वर्ग आणि उच्चदाब जोडणी असलेल्या शाळांचं गणित वेगळं असतं. तिथे मागणी आकार लागतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरचा आकार, आणि मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीच्या ७५ टक्क्यांखाली तो सहसा उतरत नाही. एप्रिलच्या एका तापलेल्या दुपारी सगळे एसी एकदम चालले की ती दुपार पुढे वर्षभर बिलात दिसत राहते. वर्ष लवकर सुरू करणाऱ्या मोठ्या शाळांनी हे आधी बघायला हवं.

७ एप्रिल, सोमवार

गोव्यात आज नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं. सहावी ते दहावी आणि बारावी. एप्रिलअखेरपर्यंत सकाळी साडेअकरापर्यंत वर्ग, मग मे महिन्याची सुट्टी, पुन्हा जूनमध्ये शाळा. पालकांचा विरोध होता, काही जण उच्च न्यायालयातही गेले.

माझी नणंद फोंड्याला असते, तिची मुलगी सातवीत गेली. संध्याकाळी फोन केला. म्हणाली, "वहिनी, दप्तर नवं, वर्ग नवा, पण पोर घामाने निथळत घरी आली. आणि तीन आठवड्यांनी परत सुट्टी. जूनला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून."

'पुन्हा पहिल्यापासून' हे तिचं बोलणं वहीत चौकटीत लिहिलं. आमच्याकडच्या प्रस्तावाचा साचाही हाच आहे: एप्रिलमध्ये तीन-चार आठवडे, मे बंद, जूनला परत. विदर्भात मे महिन्यात शाळा भरवण्याचा प्रश्नच येत नाही. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्यामुळे तारीख एप्रिलची केली तरी वर्ष अखंड पुढे सरकत नाही, त्याचे दोन तुकडे होतात. शाळा वर्षातून दोनदा उघडावी लागते, आणि उघडायला काय लागतं याचा हिशेब माझ्या कुठल्याच खात्यात नाही.

१६ एप्रिल, बुधवार

पाणी मोजायला सकाळी पावणेसातला शाळेत पोचले. गच्चीवर २,००० लिटरची टाकी आहे. पाणी किती उतरतं ते कळावं म्हणून एका मावशीने आत सोडायच्या बांबूवर सुतळीच्या गाठी मारून दिल्या, दर गाठ २०० लिटरची. पेपर सुटेपर्यंत एक टाकी संपून दुसरी निम्म्यावर आली. ३,००० लिटर, म्हणजे मुलामागे आठेक लिटर. पूर्ण दिवसाच्या शाळेसाठी भारतीय मानकात माणशी ४५ लिटर धरतात, त्या मानाने हे फारच कमी. मुलं पाणी जपून वापरतात असा याचा अर्थ नाही. साडेनऊनंतर नळाचं पाणी हाताला चटका देतं, त्यामुळे मुलं स्वच्छतागृहात जायचंच टाळतात. मुख्याध्यापिका बाईंनी हे सांगितलं तेव्हा आठवीच्या मुली खाली बघत होत्या.

विहिरीने तळ गाठलाय. रोज ३,००० लिटर म्हणजे वीस दिवसांत ६०,००० लिटर, ५,००० लिटरचे बारा टँकर. कूलर लावले तर आणखी भर: कोरड्या उन्हात मोठा कूलर तासाला १५ लिटर पाणी सहज पितो, १४ कूलर सव्वाचार तास चालले तर रोज जवळपास ९०० लिटर. टँकरचा भाव महिन्याच्या सुरुवातीला एक असतो आणि अखेरीस दुसरा. जुलैत हाच खर्च शून्य होतो, तेव्हा विहीर भरलेली असते.

पाण्याने विजेला मागे टाकलं. पंखे फिरतात म्हणून आपण बिलाकडे बघतो, रिकाम्या टाकीकडे कोणी बघत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आज बसचं काम हाती घेतलं. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

एका बसच्या दिवसाला ९२ किलोमीटर, दोन्ही फेऱ्या धरून. लिटरला सहा किलोमीटर पडतात, म्हणजे दोन बसला मिळून रोज ३१ लिटरच्या आसपास डिझेल. लिटरला ९० रुपयांच्या हिशेबाने वीस दिवसांचे साधारण ५५,००० रुपये. पंखे-कूलरच्या विजेशी तुलनाच नाही.

पण महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. शाळा साडेपाच तास शिकवो की पावणेचार तास, बस तेवढीच धावते. प्रार्थना, हजेरी, मधली सुट्टी वजा करून सकाळच्या शाळेत शिकवायला पावणेचार तास उरतात. वीस दिवसांचे ७५ तास झाले. जुलैत वीस दिवसांचे ११० तास होतात. डिझेल सारखंच, म्हणजे एप्रिलचा प्रत्येक तास वाहतुकीत जवळजवळ दीडपट महाग. पाणी आणि सफाई यांचंही असंच. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास मागतो, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. एप्रिलमध्ये दिवस भरतात, तास भरत नाहीत. सहावी ते आठवीच्या वर्गांना सरासरी रोज साडेचार तासांच्या वर शिकवणं लागतं. पावणेचार तासांच्या दिवसांनी मागे पडलेलं पुढे कुठेतरी जादा तास घेऊन भरून काढावं लागेल, आणि त्या जादा तासासाठी बस थांबवून ठेवावी लागेल.

यापुढे महिन्याचा खर्च मांडायचा नाही. शिकवलेल्या तासामागचा खर्च मांडायचा. कार्यकारिणीपुढे हाच तक्ता ठेवणार.

दुपारी बसवाल्या भाऊंशी बोलले. कंत्राट दुसऱ्याच्या नावावर आहे, हे चालवतात. पायरीवर बसून टायरमधले खडे काढत होते. म्हणाले, "मॅडम, एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. ह्या दिवसांत वऱ्हाडाच्या गाड्यांवर जातो मी. त्याच पैशात पोरीचं कॉलेज भरतो. शाळा चालू राहिली तं ते सोडा लागन."

"कंत्राटात एप्रिलचे पैसे वाढवून मिळाले तर?"

"ते मालकाले भेटतीन."

गाडीचं पासिंग, फिटनेस, विमा ही कामंही सुट्टीतच उरकतात. एप्रिल शाळेचा झाला तर सगळं मे महिन्यात दाटीवाटीने होईल.

३ मे, शनिवार

परवा निकाल लागले, कालपासून सुट्टी. आज फीचं खातं काढून बसले. मार्चअखेर पीककर्जाच्या नूतनीकरणात घरातला पैसा बँकेत जातो. जूनमध्ये बियाणं, खत, पेरणी. आमचे बहुतेक पालक कापूस-सोयाबीन-तुरीचे शेतकरी किंवा त्यांच्या शेतात राबणारे. फीचा पहिला हप्ता आम्ही नेमका पेरणीच्या आठवड्यात मागतो. मागच्या सहा वर्षांच्या पावत्यांची पुस्तकं चाळली. जूनच्या पावत्या पातळ, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापूस विकला की पुस्तकं जाड. जूनचे हप्ते दिवाळीनंतर फिटतात. तोवर शिक्षकांचे पगार आम्ही मुदतठेव मोडून देतो. शाळेच्या तारखेमुळे होणारा हा खर्च कधी 'खर्च' म्हणून लिहिलाच गेला नाही: ठेवीवरचं बुडालेलं व्याज.

एप्रिलमध्ये वर्ष सुरू केलं तर? काही घरांत हरभऱ्याचे पैसे नुकते आलेले असतात. पण त्याच महिन्यात लग्नं. आमच्याकडे फी एप्रिलमध्ये जास्त येईल असं छातीठोकपणे म्हणवत नाही. एक फायदा मात्र खरा आहे. सरकारी आर्थिक वर्ष आणि शाळेचं वर्ष एकाच तारखेला सुरू झालं तर ३१ मार्चला अर्धवट वर्षाच्या फीचे तुकडे करावे लागणार नाहीत. हिशेबनीस म्हणून मला ते आवडेल. पण माझ्या सोयीसाठी तारीख बदलायची नाही, हेही लिहून ठेवते.

दुसरी अडचण कायद्याची. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार नव्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. शाळा जूनमध्ये सुरू होत असेल तर डिसेंबरपर्यंत, एप्रिलमध्ये होत असेल तर सप्टेंबरअखेरपर्यंत. संस्थेचं लेखापरीक्षणही सप्टेंबरअखेरच पूर्ण व्हायचं असतं. ताळेबंदाची शाई वाळायच्या आत पुढच्या वर्षाची फी ठरवायची. डिसेंबरमध्ये निदान पहिल्या सत्राचा अनुभव हातात असतो.

१८ मे, रविवार

डॅलसजवळ राहणाऱ्या मावसबहिणीशी बोलणं झालं. टेक्सासमध्ये हाच वाद फार वर्षांपासून आहे. २००६ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांना ऑगस्टच्या चौथ्या सोमवारच्या आधी उघडता येत नाही. पर्यटनावर जगणारे आणि भर उन्हाळ्यातल्या एसीच्या खर्चाकडे बोट दाखवणारे, दोघंही या बाजूने. २०१५ पासून काही अटींवर सूट मिळते, त्यामुळे पुष्कळ जिल्हे परत ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, नाताळच्या आत पहिलं सत्र पुरं व्हावं म्हणून. तिच्या मुलाची शाळाही त्यातलीच.

तिथे खर्च एसीचा, इथे टँकरचा. एवढं नोंदवून पुढे जाते.

८ जून, रविवार

विदर्भातल्या शाळा यंदा २३ जूनला, बाकी राज्यात १६ ला. मान्सून यंदा २४ मे रोजीच केरळात आणि २६ ला मुंबईत आला, इथे अजून पत्ता नाही.

काही कागद घ्यायला शाळेत गेले तर फाटक उघडं. आत दोन्ही मावशी. एक टाकीत उतरलेली, फक्त डोकं दिसत होतं. नारळाच्या काथ्याने तळ खरवडत होती आणि गढूळ पाणी बादलीने वर देत होती. दुसरी वर्गातून बाक बाहेर ओढून ऊन दाखवत होती. एका बाकाखालून विंचू निघाला, तो तिने खराट्याने हळूच डबीत घेऊन कुंपणाबाहेर सोडला. गवत काढून झालेलं, गटार मोकळं केलेलं, ब्लीचिंगचा वास येत होता.

मी विचारलं, कधीपासून येताय? "परवापासून. दरसाल आधी येऊन धा-बारा दिस काम करावंच लागते बाई. मॅडमचा फोन येते." आणि या दिवसांचे पैसे? टाकीतून आवाज आला, "पगार तं शाळा उघडल्यावर चालू होते ना."

मी टाकीच्या कठड्यावर बसून राहिले.

शाळा उघडण्याचा खर्च खतावणीत का सापडत नव्हता ते आज कळलं. तो आम्ही कधी दिलाच नाही. या दोघींनी दिला, प्रत्येक जूनमध्ये. एप्रिल-जून अशी दोनदा शाळा उघडली तर मार्चअखेरची सफाई आणि जूनची सफाई अशी दोनदा फुकट मेहनत होईल, आणि माझ्या तक्त्यात तरीही शून्य दिसेल. मार्चमध्ये अध्यक्षांनी विचारलं होतं खर्च किती बदलतो. मी त्यांना सुबक उत्तर दिलं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं.

मुख्याध्यापिका बाई वाईट नाहीत, मीही नाही. पद्धत चालत आली म्हणून चालू राहिली. पण आता माहीत झाल्यावर ती चालू ठेवणं हा गुन्हा आहे.

घरी येऊन आकडा मांडला. दोन मावशी आणि बसमधल्या ताई. महिना ८,००० रुपये. तिघींचे दोन-दोन महिने, म्हणजे सहा पगार: ४८,०००. मुलं ३८४. एका मुलामागे वर्षाला १२५ रुपये.

२३ जून, सोमवार

शाळा उघडली. २८ पर्यंत सकाळी ७ ते ११.४५, ३० पासून नेहमीची वेळ. रात्री एक सर पडून गेली, मैदानात चिखल, पहिलीतल्या दोघांचे नवे बूट पहिल्याच दिवशी भरले. गच्चीवरून बांबू काढून आणला, सुतळीच्या गाठी अजून तशाच.

विहिरीत पाणी वाढायला वेळ लागेल. या आठवड्यात एक टँकर मागवावा लागला. २३ जूनची तारीखही पूर्ण निर्दोष नाही, हे तक्त्यात लिहिलं.

५ जुलै, शनिवार

कार्यकारिणीची बैठक, पावणेदोन तास चालली. तासामागचा खर्च मांडला: वाहतूक एप्रिलमध्ये जुलैच्या जवळजवळ दीडपट, पाणी बारा टँकर विरुद्ध शून्य, वीज किरकोळ, फीची आवक अनिश्चित, शाळा दोनदा उघडण्याचा खर्च वेगळा. पालक दाखले नेतात याचं काय, हा प्रश्न परत आला. तो खरा प्रश्न आहे. मुख्याध्यापिका बाईंनी सुचवलं की परीक्षा संपताच पुढच्या वर्गाची पुस्तकं आणि वाचनाची यादी मुलांच्या हातात द्यावी, मे महिन्यात मूल रिकाम्या हाताने बसायला नको. त्याला वर्ग भरवावे लागत नाहीत. यावर सगळे राजी झाले. सरकारने तारीख बदलली तर ती पाळावी लागेल, स्वतःहून एप्रिल मागायचा नाही, असं ठरलं. फीचा पहिला हप्ता दोन भागांत, दुसरा भाग डिसेंबरमध्ये, हेही मंजूर.

मग १२५ रुपयांचा विषय. एक सदस्य म्हणाले, मुलामागे वाढ नको, पालक ओरडतील. मी टाकीची गोष्ट सांगितली, जशी पाहिली तशी. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी असं ठरलं की यंदाचे सहा पगार संस्थेच्या ठेवीच्या व्याजातून द्यायचे, आणि पुढच्या वर्षीच्या फी प्रस्तावात ही रक्कम 'बारमाही सेवक वेतन' म्हणून स्वतंत्र ओळीत, सगळ्या पालकांना दिसेल अशी मांडायची. प्रस्ताव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात समितीपुढे. बसवाल्या भाऊंचं काम राहिलं. कंत्राटदाराशी बोलायचं काम माझ्याकडे आहे, तारीख १९ जुलै.

जूनमधल्या बारा-बारा दिवसांचे पैसे काढून दोन पाकिटं केली. सोमवारी हातात द्यायची, सही घेऊन, खतावणीत नवं खातं उघडून: शाळा उघडणे.